गिटारची भिंत उतरवताना: पोस्ट-रॉक बँडने उबदार इलेक्ट्रॉनिक आवाजाकडे कसं वळावं

आमच्या बँडचं सगळ्यात लांब गाणं अकरा मिनिटांचं होतं. त्यातली पहिली सात मिनिटं आम्ही आणि ऐकणारे मिळून शेवटच्या चार मिनिटांची वाट बघत बसायचो. हळू सुरुवात, मग दोन गिटार एकमेकींवर चढत जाणार, मग ड्रमर सिंबलवर तुटून पडणार. तीन वर्षं हेच. एकदा तालमीला माझा चुलतभाऊ आला होता. गाणं संपल्यावर म्हणाला, "मोठा आवाज कधी येणार हे मला आधीच कळायलंय दादा. तुम्हाला कळंना का?" त्याला पोस्ट-रॉक हा शब्दही माहीत नव्हता, पण दुखणं त्याने बरोबर पकडलं.

त्यानंतर दोन वर्षं आम्ही वाळूजच्या बाजूला एका पत्र्याच्या खोलीत बसून दोनाचा एक गिटार केला, सिंथ (विजेवर सूर घडवणारा सिंथेसायझर) आणला, आणि गाण्यांचा पोत बदलला. चुकाही भरपूर केल्या. छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड, परभणीकडे असाच बँड असलेल्या आणि हाच विचार डोक्यात घोळणाऱ्यांसाठी हे लिहितोय. तीन-चार जण, एक खोली, एक जुना लॅपटॉप आणि बेभरवशाची वीज एवढं गृहीत धरलंय.

आधी दोन गोष्टी समजून घ्या

'पोस्ट-रॉक' हा शब्द इंग्लंडमधल्या सायमन रेनॉल्ड्स या समीक्षकाने १९९४ मध्ये रुळवला. रॉकचीच वाद्यं घ्यायची, पण रॉकसारखी वाजवायची नाहीत, गिटारकडून रिफपेक्षा (पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या चालीपेक्षा) पोत काढून घ्यायचा, असा त्याचा साधारण रोख होता. म्हणजे शांत-मोठा-अजून मोठा हा साचा त्या शब्दाच्या पोटात नव्हताच, तो नंतर चिकटला. शिकागोचा टॉर्टॉइज हा बँड नव्वदच्या दशकातच व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांचं वाद्य) आणि सिंथ घेऊन बसला होता. ग्लासगोचा मॉगवाय गिटारच्या गडगडाटासाठी नावाजलेला, त्यांनी २०१४ च्या अल्बममध्ये सिंथ पुढे आणला. आणि ज्यांच्यापासून हे सगळं सुरू झालं असं मानतात ते टॉक टॉक तर उलट दिशेने चालले: ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सिंथ-पॉप, आणि १९८८ व १९९१ च्या अल्बमपर्यंत सिंथ जवळपास सोडून खरी वाद्यं आणि शांतता. त्यामुळे "सिंथ आणला की आपण पोस्ट-रॉक राहणार नाही" ही भीती पहिल्याच दिवशी खोलीबाहेर ठेवा. आमच्याकडे या वादात तीन रविवार गेले.

दुसरी गोष्ट म्हणजे 'उबदार'. हा शब्द सगळे वापरतात आणि प्रत्येकाच्या मनात वेगळं असतं. माझ्यापुरती व्याख्या अशी: वरचा चरचरीत भाग कमी, सुराची सुरुवात मऊ, आणि सूर धरलेला असताना तो कणभर हलत राहणारा. घरात हार्मोनियम असेल तर डबल रीडची एक पट्टी दाबून धरा. दोन रीड तंतोतंत जुळलेले नसतात, म्हणून सुरात एक संथ लहर येते. पेटीचा आवाज अंगावर शाल घेतल्यासारखा वाटतो त्यात या लहरीचा मोठा वाटा आहे. आपल्याला सिंथमधून हेच काढायचंय. म्हणजे ऊब कशी असते हे आपल्या कानांना लहानपणापासून माहीत आहे, भजनाला जाऊन बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

पायरी पहिली: कागद आणि पेन्सिल

काहीही विकत घेण्याआधी तुमचं एक जुनं गाणं निवडा. नवीन नको. नव्या गाण्यात सिंथ आवडला की गाणं आवडलं हे कळत नाही.

आडवा मोठा कागद घ्या. वर अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या खुणा, डावीकडे वाद्यं. मग रेकॉर्डिंग ऐकत प्रत्येक चौकटीत ते वाद्य तिथे काय *काम* करतंय ते एका शब्दात लिहा: चाल, सूर धरणं, ठेका, जागा भरणं, गोंगाट. "सुंदर वाजतंय" हे काम नव्हे.

आमच्या अकरा मिनिटांच्या गाण्यात दुसरा गिटार तब्बल आठ मिनिटं 'जागा भरणं' एवढंच करत होता, डिले (मागून परत येणारा सूर) आणि रिव्हर्बच्या (घुमण्याच्या) पडद्याआड. तो गिटार मीच वाजवायचो. कागद बघून मला दिवसभर करमलं नाही.

पण या कागदातूनच आमचा एकमेव नियम निघाला आणि तो आजवर मोडलेला नाही: सिंथ येईल तर कुणाच्या तरी जागी येईल, कुणाच्या वर येणार नाही. दोन गिटार, बेस, ड्रम आणि वर सिंथ असं केलंत तर ऊब येत नाही, गर्दी होते. बसमध्ये पाचवा माणूस तिघांच्या सीटवर येऊन बसतो तसं. जे वाद्य सर्वात जास्त वेळ 'जागा भरणं' करतंय ते खाली ठेवा, आणि ते वाजवणाऱ्यालाच सिंथवर बसवा. त्याचा मान राहतो, आणि गाण्यात कुठे काय लागतं हे त्यालाच सगळ्यात चांगलं माहीत असतं.

पायरी दुसरी: गावात जे आहे ते आधी बघा

सिंथचे व्हिडिओ बघायला लागलात की आठवड्याभरात तुम्ही १९८२ च्या जुनो-६० या सिंथची किंमत शोधत असाल. थांबा. लॅपटॉपवर 'सर्ज एक्सटी' हा सिंथ पूर्ण फुकट आहे, 'व्हायटल'चीही फुकट आवृत्ती आहे, आणि या लेखातलं सगळं काम या दोघांपैकी एकात होतं. गाणं भरून घ्यायला 'रीपर' हे सॉफ्टवेअर चालेल. त्याचा साधा परवाना ६० डॉलरचा आहे आणि आधी ६० दिवस वापरून बघता येतो.

वाजवायला कीबोर्ड हवा. तो लग्नाच्या ऑर्केस्ट्रात, बँजो पार्टीत, देवीच्या जागरणाला वाजवणाऱ्या कुणाकडे तरी असतोच. कॅसिओ असो, यामाहा असो किंवा रोलँडचा एक्सपीएस-१०, त्याला यूएसबी किंवा मिडीचं (कुठली पट्टी दाबली ते लॅपटॉपला कळवणारं) भोक असलं की पुरे. त्याच्यातले आवाज आपल्याला नकोच आहेत, फक्त पट्ट्या हव्यात. याच मंडळींकडे ऑक्टापॅड (काठीने वाजवायचे आठ रबरी पॅड असलेला इलेक्ट्रॉनिक ड्रम) असतो, तो पुढे लागणार आहे. आम्ही एका ऑर्केस्ट्रावाल्या काकांकडून दोन्ही वस्तू मागून आणायचो. अट एकच होती: लग्नसराईत मागायच्या नाहीत. आमच्या तालमीचं वेळापत्रक दोन वर्षं मुहूर्त बघून ठरलं.

ऑडिओ इंटरफेस (लॅपटॉपमध्ये आवाज आत-बाहेर नेणारा डबा) मात्र विकत घ्या, साधा दोन इनपुटचा. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून आवाज काढून मिक्सरला दिलात की पुढे वीज आणि घरघर या विषयात जे वाचाल ते सगळं तुमच्या वाट्याला दुप्पट येईल.

पायरी तिसरी: एक पॅड, नीट

शंभर आवाज करून बघू नका. एकच पॅड, म्हणजे धरून ठेवायचा मऊ, लांब आवाज बनवा आणि महिनाभर त्यावरच राहा. सर्जमधली कृती सांगतो, दुसऱ्या कुठल्याही सिंथमध्ये नावं थोडी बदलतील.

दोन ऑसिलेटर, म्हणजे सिंथमधले मूळ सूर काढणारे भाग घ्या, दोन्हीला सॉ, म्हणजे करवतीच्या दात्यासारखी लहर. एकाला ४ सेंट वर चढवा, दुसऱ्याला ३ सेंट खाली. सेंट म्हणजे एका अर्ध्या सुराचा शंभरावा भाग. दोघांत मिळून ७ सेंटचं अंतर झालं. २२० हर्ट्झच्या सुरावर एवढ्या अंतराने सेकंदाला जवळपास एक लहर येते. खालच्या सप्तकात तीच लहर दोन सेकंदांना एक होते. पेटीच्या डबल रीडची चाल हीच. २० सेंट केलंत तर डिस्कोसारखं भडक वाटायला लागेल. तिसऱ्या ऑसिलेटरला त्रिकोणी लहर, एक सप्तक खाली, आवाज निम्म्याहून कमी.

मग लो-पास फिल्टर, म्हणजे खालचा भाग जाऊ देऊन वरचा अडवणारा, २४ डीबीचा (डीबी म्हणजे डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप). मूग या सिंथ कंपनीच्या शिडीसारख्या सर्किटपासून हा उतार प्रसिद्ध झाला. यात कटऑफच्या, म्हणजे अडवणं सुरू होतं त्या जागेच्या वर प्रत्येक सप्तकाला आवाज २४ डीबीने उतरतो. कटऑफ ७०० हर्ट्झच्या आसपास ठेवा. आता आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा वाटेल. तेच हवंय. रेझोनन्स (कटऑफजवळचा टोकदारपणा) शून्याजवळ.

एन्व्हलपमध्ये अटॅक (सूर उगवायला लागणारा वेळ) ४०० मिलिसेकंद, रिलीज (मावळायला लागणारा) दोन सेकंद. सर्जमध्ये 'ड्रिफ्ट' नावाचा एक स्लायडर आहे, तो पाव भाग वर करा. त्याने प्रत्येक सूर आपापला थोडासा भरकटतो. एक एलएफओ (आपोआप संथ वर-खाली होणारी लहर) ०.१ हर्ट्झवर, म्हणजे दहा सेकंदांत एक फेरी, अगदी हलका कटऑफला जोडा. शेवटी कोरस (आवाज रुंद करणारा इफेक्ट), कमी.

आता खरी गोष्ट. आमच्या सिंथवर मी बसलो, आणि लहानपणी अंबाजोगाईजवळच्या आमच्या गावात भजनी मंडळात मी पेटी वाजवायचो. पहिले दोन आठवडे माझा डावा हात रिकामा पडून होता, आणि तो सारखा भाता शोधत होता. अक्षरशः. सूर धरला की डावा हात आपोआप मागे जायचा. एके दिवशी ड्रमर वैतागून म्हणाला, "त्या हाताला काहीतरी काम दे बाबा, नुसता हलू लालाय." म्हणून कीबोर्डचं मॉड व्हील (डावीकडचं चाक) कटऑफला जोडलं, ४०० पासून १५०० हर्ट्झपर्यंत, आणि डावा हात त्यावर ठेवला.

त्या संध्याकाळी आमचं गाणं बदललं. पेटीवाला भात्याने जे करतो, ओळीच्या मध्यावर थोडा जोर आणि शेवटी सोडून देणं, ते मी फिल्टरने करायला लागलो. आवाज मोठा होत नव्हता, उघडत होता. पोस्ट-रॉकमध्ये आपण जी चढण दहा मिनिटांत व्हॉल्यूमने बांधतो, ती इथे आठ मात्रांत फिल्टरने बांधता येते आणि उतरवताही येते. तुमच्यापैकी कुणाला पेटी येत असेल तर सिंथवर त्यालाच बसवा. पियानो शिकलेल्यापेक्षा तो उजवा ठरेल, माझं तरी असं मत आहे.

कॉर्ड धरताना तीन बोटं पुरेत. खालचा सूर बेसला सोडा, सिंथने दोन्ही हातांनी खाली रेटू नका. आमचं गाणं डी मध्ये, म्हणजे पांढरी दोन. मी फक्त डी, ए आणि वरचा ई धरतो. गंधार गिटारकडे.

मध्येच: खरी पेटी वापरणार असाल तर

वापरा, सिंथखाली खरी पेटी हलकी ठेवली तर दोन्हीचं भलं होतं. पण पेटीचे रीड ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुराला जुळलेले असतीलच असं नाही. आमची पेटी ट्यूनरवर १४ सेंट चढी निघाली. पेटी जुळवून आणणं हे कारागिराचं काम आणि खर्चिक. म्हणून सिंथ आणि गिटार दोन्ही १४ सेंट चढवा. सिंथमध्ये ते एका आकड्याचं काम आहे. हे न करता आम्ही अख्खा एक दिवस भरून घेतला होता. सगळा पुसावा लागला.

पायरी चौथी: ड्रमरची समजूत

ही सगळ्यात अवघड पायरी आहे आणि तिला तांत्रिक उपाय थोडेच आहेत. पोस्ट-रॉकचा ड्रमर हा चढणीचा राजा असतो. त्याला तुम्ही म्हणताय, चढू नको. आमचा म्हणाला, "मग मी काय करू? बघत बसू?"

त्याला आम्ही दोन कामं दिली. पहिलं, किक (पायाने वाजवायचा ड्रम) आणि हाय-हॅट (झांजांची जोडी) खरे ठेवले, स्नेअर (कडक वाजणारा मधला ड्रम) मात्र काढून तिथे ऑक्टापॅड लावला. रोलँडच्या एसपीडी-२० ला आठ पॅड आणि मिडी आउट असतो. पाच पिनांच्या मिडीची यूएसबी केबल लावली की प्रत्येक पॅडवर लॅपटॉपमधला हवा तो आवाज. बाजारातल्या अगदी स्वस्त मिडी केबल वेगात मारलं की सूर गाळतात, इथे शंभर-दोनशे रुपये वाचवू नका. रीपरमध्ये बफर (आवाज बाहेर पडण्याआधी लॅपटॉप जमवतो तो साठा) १२८ ठेवा. ४८ किलोहर्ट्झवर १२८ म्हणजे २.७ मिलिसेकंद, ५१२ वर ते १०.७ होतात आणि वर इंटरफेसचा आपला उशीर असतोच. सिंथवाल्याला तो जाणवणार नाही, ड्रमरला पहिल्या फटक्यात जाणवेल.

दुसरं काम म्हणजे आवाज गोळा करणं. सॅम्पलचे (आधीच भरलेल्या आवाजांच्या तुकड्यांचे) तयार पुडके उतरवून घेऊ नका, ते जगात सगळ्यांकडे आहेत. आमचा ड्रमर त्याच्या आजीकडे परभणीजवळ गेला आणि सुपात ज्वारी पाखडण्याचा आवाज फोनवर भरून घेऊन आला. सूप वर जातं तेव्हा एक 'सर्र' आणि दाणे परत पडतात तेव्हा एक 'छक्', म्हणजे शेकरची दोन्ही बाजू एकातच. पहिल्यांदा भरलं तेव्हा मागे पंखा येत होता. पंखा बंद करायला सांगितल्यावर आजी म्हणाली, "मे महिन्यात फॅन बंद करून जवारी पाखडू का तुझ्यासाठी? काय भरायलास बा हे?" पण केला तिने बंद, दोन मिनिटं.

तो तुकडा कापला, पाच अर्धे सूर खाली उतरवला, ६ किलोहर्ट्झच्या वरचं लो-पासने काढलं. आता तो आमच्या तीन गाण्यांत हाय-हॅटच्या जागी आहे. कुणालाही तो ज्वारीचा आवाज म्हणून ओळखू येत नाही, आणि मला तेच बरं वाटतं. संबळ किंवा हलगीचा लूप टाकून "मातीतला आवाज" म्हणून पोस्टर छापायचा मोह सगळ्यांना होतो. गोंधळातला संबळ ऐकायला तुळजापूरला जावं. आपल्या गाण्यात तो आणायचा तर वाजवणाऱ्याला बोलवावं, त्याला पैसे द्यावेत.

क्लिक (लय दाखवणारी टिकटिक) लावायचा की नाही? ड्रमरच्या एकाच कानात, आणि फक्त जिथे डिले ठेक्याला बांधलेला आहे तिथे. ८० च्या लयीत एक मात्रा ७५० मिलिसेकंदांची, त्यामुळे पाऊण मात्रेचा डिले ५६२. हे आकडे कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. बाकी ठिकाणी लय थोडी सैल राहू द्या.

पायरी पाचवी: वीज, अर्थिंग, उन्हाळा

परदेशातल्या मार्गदर्शकांत हा भाग नसतोच, म्हणून इथे जरा सविस्तर.

गिटार अँप थोडी घरघर पचवतो, उलट त्याला ती शोभते. मऊ पॅडला मात्र ५० हर्ट्झची घरघर अजिबात शोभत नाही, कारण तिचे पटीतले वरचे सूर बरोबर त्याच भागात बसतात जिथे तुम्ही ऊब मांडून ठेवली आहे.

सगळी उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या, आणि तो बोर्ड एकाच सॉकेटवर. दोन भिंतींवरच्या दोन सॉकेटमधून घेतलंत की ग्राउंड लूप (अर्थच्या दोन वाटांमुळे येणारी घरघर) झालाच म्हणून समजा. लॅपटॉप शक्यतो बॅटरीवर चालवा, कितीतरी चार्जर यूएसबीतून चिरचिर आणतात. मिक्सर आणि सिंथच्या मध्ये डीआय बॉक्स (आवाज मिक्सरला नीट पोचवणारी डबी) घाला आणि त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण वापरा. प्लगची तिसरी, अर्थची पिन काढून टाकण्याचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. त्याने घरघर जाते हे खरं, पण पुढच्या वेळी माइकला ओठ लागला तर माणूसही जाऊ शकतो.

खोलीत मुळात अर्थिंग आहे का ते बघा. वायरमनला बोलवून न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजून घ्या, ते दोन-तीन व्होल्टच्या आत असायला हवं. आमच्याकडे जानेवारीत ठीक होतं आणि एप्रिलमध्ये घरघर परत आली. आम्ही केबल बदलल्या, मिक्सर बदलून बघितला, आपसांत भांडलो. शेवटी वायरमनने खोलीमागच्या खड्ड्याकडे बोट दाखवलं. आपली काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते, अर्थिंगच्या पट्टीपासून सुटते आणि विजेला जमिनीत जायला वाट राहत नाही. दोन बादल्या पाणी ओतलं, घरघर निम्म्यावर आली. नंतर मीठ-कोळसा भरून खड्डा नीट करून घेतला. आता मार्चपासून दर तालमीआधी खड्ड्याला पाणी घालणं हे बेसवाल्याचं काम आहे.

लाईट गेली की इन्व्हर्टर. तो स्क्वेअर वेव्हचा असेल तर सगळ्या आवाजावर माशी गुणगुणल्यासारखी एक चिरचिर येईल आणि कुठल्याही फिल्टरने ती नीट जाणार नाही. प्युअर साइन वेव्हचा असेल तर बरं. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस आणि नॉर्मल असं एक बटण असतं. यूपीएसवर ठेवलं की बदल पटकन होतो आणि अडॅप्टरवरचा सिंथ बंद पडत नाही. पण त्या मोडमध्ये व्होल्टेज थोडं उतरलं तरी तो बॅटरीवर जातो. सोयाबीनच्या किंवा उसाच्या पट्ट्यात मोटारींची पाळी सुरू झाली की व्होल्टेज पडतं, आणि मग इन्व्हर्टर दिवसभर टकटक करत बसतो. तिथे नॉर्मलवर ठेवून सिंथ यूएसबीवर चालणारा घेणं शहाणपणाचं.

खरा अॅनालॉग सिंथ घेणार असाल तर पत्र्याखाली ४२ डिग्रीत त्याचे ऑसिलेटर सुरावरून सरकतात. चालू करून अर्धा तास तसाच ठेवा, मग जुळवा, आणि कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. जागा सोडून भलतीकडे गेलेला सूर म्हणजे ऊब नव्हे.

पत्र्याचा खणखणाट गोधड्यांनी जातो. आम्ही भिंतींपासून वीतभर अंतर सोडून जुन्या वाकळी टांगल्या आणि छताखाली बारदाना ताणला. भिंतीला चिकटवून लावण्यापेक्षा अंतर सोडून लावलेल्या जास्त काम करतात.

पायरी सहावी: कॅसेट

जुना चालू डेक मिळाला तर घ्या. कॅसेटची टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते, इतकी हळू की वरचा चरचरीतपणा थोडा गळतो, मोठे आवाज टोकाला गोल होतात आणि मोटारीच्या डळमळीने सूर किंचित हलतो. फक्त पॅड त्यावर भरा, थोडा जास्त जोरात, सुया लाल भागाला स्पर्शतील इतपत, आणि परत लॅपटॉपवर घ्या. अख्खं गाणं टेपवरून फिरवू नका, ड्रम मेल्यासारखे होतात. डेक नसेल तर सर्जमध्येच टेपचा इफेक्ट आहे. नव्वद टक्के काम त्यात होतं. उरलेले दहा टक्के म्हणजे रबर बदलायला दुकानं शोधत फिरण्याची मजा.

पायरी सातवी: प्रतिध्वनी आपला

रिव्हर्बचा तयार 'कॅथेड्रल' का लावायचा? आपल्याकडे बारवा आहेत. वालूरची चक्राकार बारव परभणी जिल्ह्यातच आहे, आणि गावोगावी साध्या बारवा कितीतरी. खाली उतरा, पाण्याच्या वरच्या पायरीवर रेकॉर्डर ठेवा, समोरच्या बाजूला एक फुगा फोडा. तो 'फट्' आणि त्यामागची शेपटी रीपरच्या 'रीव्हर्ब' (ReaVerb) प्लगइनमध्ये टाकली की तुमचा सिंथ त्या बारवेत वाजतो. चार-पाच फुगे फोडा, वाऱ्याचे बाद करा. आधी गावात विचारा, कारण बऱ्याच बारवांत देव असतो, आणि दुपारी मधमाश्याही. वेरूळला दहा नंबरच्या लेण्यात घुमणारा आवाज ऐकून आमच्याही तोंडाला पाणी सुटलं होतं, पण संरक्षित वास्तूत फुगे फोडायला जाऊ नका. तिथे नुसतं उभं राहून ऐका.

पायरी आठवी: मिक्समध्ये जागा करणं

ऊब २०० ते ४०० हर्ट्झमध्ये राहते, आणि चिखलही तिथेच राहतो. बेस, पेटी, पॅड, गिटार सगळे तिथे दाटीवाटीने बसतात. गिटारचं २०० च्या खालचं काढून टाका. एकटा ऐकला तर तो हडकुळा वाटेल, गिटारवाला कुरकुरेल. त्याला सोलोचं बटण दाबू देऊ नका. बेसचा ३०० च्या आसपास दोन-तीन डीबीचा खड्डा. पॅडला किकशी बांधून कॉम्प्रेसर लावा म्हणजे प्रत्येक ठोक्याला पॅड दोन-तीन डीबी बाजूला सरकेल आणि २०० मिलिसेकंदांत परत येईल. कानाला कळू नये इतपतच, श्वास घेतल्यासारखं.

पायरी नववी: हॉलमध्ये

आपल्याकडचा साउंडवाला डीजे आणि मिरवणुकीचा आवाज लावण्यात तयार असतो. त्याच्या मिक्सरवर खालचा आणि वरचा भाग चढवलेला, मधला पाडलेला. तुमची सगळी मेहनत मधल्या भागात आहे. तासभर आधी जा, चहा पाजा, आणि सगळे नॉब मधोमध करायला सांगा. "दादा, तुमचाच सेट लावा, फक्त आमच्या गाण्यापुरतं सपाट ठेवा," असं म्हटलं की बहुतेक जण ऐकतात.

आणि मोनो, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच आवाज. हॉलच्या दोन्ही बाजूंना स्पीकर असले तरी आत जोडणी बहुधा मोनोच असते. हेडफोनवर कानामागून फिरणारा तुमचा रुंद कोरस मोनोत एकत्र आला की एकमेकाला खातो आणि पॅड पोकळ होतो. पहिल्या कार्यक्रमात आमचा पॅड असा नाहीसा झाला की मला वाटलं केबल तुटली. मी स्टेजवर वाकून केबल हलवत राहिलो आणि गाणं माझ्याविनाच संपलं. आता घरूनच मोनो करून तपासतो, आणि लाइव्हसाठी कोरस बंद असलेली पॅडची वेगळी प्रत ठेवतो. त्यात डीट्यून ७ च्या ऐवजी ९ सेंट आहे. डीट्यून दोन ऑसिलेटरमधलं असल्याने ते मोनोतही टिकतं.

कार्यक्रमाला जुनं अकरा मिनिटांचं गाणं वाजवायचं असेल तर शेवटी ठेवा. आमचं आता साडेसहा मिनिटांचं झालंय. शेवटच्या चार मिनिटांतला धडाका काढला नाही, तो आता दुसऱ्याच मिनिटाला येतो, वीस सेकंद राहतो आणि जातो. उरलेला वेळ सिंथ, बेस आणि सुपातली ज्वारी. चुलतभावाला ऐकवलं तेव्हा तो मोबाइल खाली ठेवून ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "हे संपलं का? अजून होतं वाटलं."